ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर आलात आणि टेम्प टेबल दर बिलाला अडतंय? आधी हे बघा

त्रास साधारण असा असतो. सॉफ्टवेअर जुनं, वर्षानुवर्षं ओरॅकल ह्या डेटाबेसवर चाललेलं, आता लायसनचा खर्च नको म्हणून पोस्टग्रेस ह्या फुकट डेटाबेसवर आणलं, टेस्टिंगला सगळं नीट, आणि लाईव्ह झाल्यावर दर पंधरवड्याला नेमकं बिल काढायच्या दिवशी टेम्प टेबलवर, म्हणजे हिशोबापुरत्या तात्पुरत्या टेबलवर, काम अडतं. कधी ‘रिलेशन टीएमपी_कपात डझ नॉट एक्झिस्ट’, कधी त्याच ठिकाणी ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’, आणि कधी एररच नाही पण आकडा चुकलेला. मग कुणीतरी ॲप सर्व्हर रिस्टार्ट करतं, सगळं सुरळीत चालतं, नेटवर्कचा काहीतरी इश्यू असेल म्हणून विषय बंद होतो, आणि पुढच्या पंधरवड्याला परत तेच.

रिस्टार्टने बरं होतंय, हाच खरं तर सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि तोच सगळे सोडून देतात. त्यावर पुढे येतो.

उदाहरणाला आमच्या सांगलीकडचं ऊस बिलाचं सॉफ्टवेअर घेतो, कारण त्यात हे सगळं एकाच जागी दिसतं. शेतकऱ्याचा ऊस काट्यावर येतो, खेपेची पावती होते, पंधरा दिवसांच्या खेपा गोळा करून बिल निघतं, त्यातून सोसायटीची वसुली, बेणं, खत, ॲडव्हान्स असल्या कपाती जातात आणि उरलेली रक्कम बँकेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे बिलाच्या दिवशी कुणालाच थांबायला वेळ नसतो. हिशोब करताना खेपा आणि कपाती आधी एका तात्पुरत्या टेबलात भरायच्या, तिथे गणित करायचं, आणि शेवटी पक्क्या टेबलात टाकायचं ही जुनी पद्धत. ओरॅकलवर ती कित्येक हंगाम बिनतक्रार चालली, पोस्टग्रेसवर मात्र पलूसकडच्या गटातली (कारखान्याच्या विभागातली) खेप मिरजेकडच्या शेतकऱ्याच्या यादीत दिसायला लागली. एरर परवडला, तो निदान दिसतो तरी. ह्यात एकाच्या बिलात दुसऱ्याची कपात जाते आणि कुणाला कळतही नाही.

ओरॅकलमध्ये का चालत होतं

ओरॅकलचं ग्लोबल टेम्पररी टेबल ८आय आवृत्तीपासून आहे. त्यात टेबलाची व्याख्या कायमची असते, डेटा डिक्शनरीत (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) बसलेली, फक्त आतला डेटा ज्याच्या त्याच्या सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या एका कनेक्शनचा. छापील कोरे फॉर्म ऑफिसात कायम पडलेले असतात आणि जो तो आपापला भरतो, तसं. म्हणून ओरॅकलच्या कोडमध्ये चालू कामात कुठेही ‘क्रिएट’ लिहिलेलं नसतं. टेबल एकदाच इन्स्टॉलेशनच्या वेळी बनवलं, मग नुसतं इन्सर्ट आणि सिलेक्ट. ट्रंकेट केलं तरी आपल्याच सेशनचा डेटा जातो, शेजारच्याच्या डेटाला हात लागत नाही.

पोस्टग्रेसमध्ये टेम्प टेबल म्हणजे टेबल सकट सगळंच तात्पुरतं. ज्या सेशनने बनवलं त्यालाच दिसणार आणि सेशन संपलं की टेबलच जाणार. वर गंमत अशी की पोस्टग्रेस ‘क्रिएट ग्लोबल टेम्पररी टेबल’ हे वाक्य मान्य करतं, ग्लोबल हा शब्द जुना झालाय अशी एक वॉर्निंग देतं आणि तो शब्द बाजूला टाकून साधं टेम्प टेबल बनवतं. आता मायग्रेशनच्या दिवशी काय होतं बघा. स्क्रिप्ट चालली, टेबल बनलं, त्याच स्क्रिप्टमध्ये त्या टेबलावरचे व्ह्यू (साठवलेल्या क्वेरी) बनले, फंक्शन बनली, शेवटी कुठेही लाल ओळ नाही. स्क्रिप्टचं सेशन बंद झालं आणि टेबल गेलं. त्यावरचे व्ह्यू पण गेले, कारण टेम्प टेबलावर बांधलेला व्ह्यू पोस्टग्रेस आपोआप टेम्प करतं, तशी एक नोटीस पण येते पण हजारो ओळींच्या लॉगमध्ये ती वाचणार कोण. पीएल पीजीएसक्यूएल ह्या पोस्टग्रेसच्या भाषेतली फंक्शन मात्र जागेवर राहतात, कारण फंक्शन बनवताना आत लिहिलेलं टेबल खरंच आहे का हे तपासलं जात नाही, ते चालवताना कळतं. म्हणजे मायग्रेशनचा रिपोर्ट पूर्ण हिरवा आणि पहिल्या बिलाला ‘डझ नॉट एक्झिस्ट’.

इथवर बहुतेकांना कळतं. मग घाईत उपाय काय केला जातो, तर प्रत्येक फंक्शनच्या सुरवातीला ‘क्रिएट टेम्प टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ टाकलं जातं. एरर बंद होतो, सगळे खूश. आणि माझ्या मते खरा रोग इथून चालू होतो.

डीफॉल्ट उलटे आहेत, हे कुणी सांगत नाही

ओरॅकलच्या ग्लोबल टेम्पररी टेबलाला ऑन कमिटचं कलम लिहिलंच नाही तर अर्थ होतो ऑन कमिट डिलीट रोज, म्हणजे कमिट झालं (काम पक्कं केलं) की टेबल रिकामं. पोस्टग्रेसमध्ये तेच कलम गाळलं तर अर्थ होतो ऑन कमिट प्रिझर्व रोज, म्हणजे कमिट होऊन सुद्धा डेटा तसाच. एसक्यूएल स्टँडर्डप्रमाणे ओरॅकलची बाजू बरोबर आहे, पोस्टग्रेसने वेगळं ठेवलंय आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ते स्पष्ट लिहिलंय सुद्धा. तर जुन्या हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमधून टेबल उचललं, कलम दोन्हीकडे नाही, सिंटॅक्स जसाच्या तसा चालला, आणि वागणं बरोबर उलटं झालं. जे टेबल प्रत्येक कमिटला आपोआप साफ होत होतं ते आता साफ होत नाही. कोडमध्ये तर डिलीट कुठेच लिहिलेलं नाही, कारण ओरॅकलवर त्याची गरजच नव्हती.

म्हणून मायग्रेशनच्या आधी, आणि झालं असेल तर आत्ता लगेच, जुन्या ओरॅकलवर जाऊन यूझर_टेबल्स मधून टेम्पररी कॉलम ‘वाय’ असलेली सगळी टेबलं काढा आणि शेजारचा ड्युरेशन कॉलम बघा. एसवायएस$ट्रान्झॅक्शन असेल तर ते टेबल कमिटपुरतं जगत होतं, एसवायएस$सेशन असेल तर सेशनभर. ही यादी कागदावर घ्या. पुढचा प्रत्येक निर्णय या एका कॉलमवर ठरतो आणि जुना सर्व्हर बंद करून भंगारात घातला की ही माहिती परत मिळत नाही.

उलट्या बाजूचा गोंधळ पण असतो. कुणी ऑन कमिट डिलीट रोज नीट लिहिलं, मग पीएसक्यूएलच्या, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड लाइनच्या, काळ्या खिडकीत टेस्ट करायला बसलं, टेबल बनवलं, तीन ओळी इन्सर्ट केल्या, इन्सर्ट झाल्या असं आलं सुद्धा, आणि सिलेक्ट केलं तर शून्य ओळी. इथे डोकं फिरतं. कारण साधं आहे, पीएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट चालू असतं त्यामुळे प्रत्येक कमांड हे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं काम), इन्सर्ट संपला की कमिट, कमिट झालं की ओळी गायब. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये ऑटोकमिट मुळात बंद असतं म्हणून तिथे हीच टेस्ट बरोबर दिसायची. आधी बिगिन लिहा आणि मग बघा. जावाचं पण तेच, डेटाबेसशी बोलायच्या जेडीबीसीत कनेक्शन नवीन उघडलं की ऑटोकमिट चालूच असतं, बिलाचा कोड एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळला नसेल तर तिथेही टेबल रिकामंच मिळणार.

आता रिस्टार्टचं कोडं

डेटाबेसच्या दृष्टीने सेशन म्हणजे एक कनेक्शन. आपल्या डोक्यात सेशन म्हणजे गट ऑफिसातल्या माणसाने लॉगिन केल्यापासून लॉगआऊट करेपर्यंतचा वेळ. जुन्या काळी ओरॅकल फॉर्म्सवर ह्या दोन्ही गोष्टी एकच होत्या, एका माणसाला एक कनेक्शन, स्क्रीन बंद केली की कनेक्शन बंद. वेबवर आल्यावर मध्ये कनेक्शन पूल बसला. दहा कनेक्शन उघडी ठेवायची आणि जो येईल त्याला मोकळं असलेलं द्यायचं, काम झालं की परत घ्यायचं, बंद मात्र करायचं नाही.

आता वरच्या दोन गोष्टी जोडा. पलूसच्या गटाने बिल चालवलं, सात नंबरचं कनेक्शन मिळालं, टेम्प टेबल बनलं, खेपा भरल्या, कमिट झालं, डेटा तसाच राहिला कारण प्रिझर्व रोज. कनेक्शन पूलमध्ये परत गेलं, टेबल आणि त्यातल्या खेपा पोटात घेऊन. थोड्या वेळाने मिरजेकडच्या गटाने बिल चालवलं आणि त्यांनाही सात नंबरचंच मिळालं. इफ नॉट एक्झिस्ट्स म्हणालं टेबल आहे की, काही करायची गरज नाही, आणि नवीन खेपा जुन्यांच्या खाली जाऊन बसल्या. दुसरं एखादं मोकळं कनेक्शन मिळालं असतं तर बिल बरोबर निघालं असतं. म्हणून हे कधी होतं कधी होत नाही, टेस्टिंगला एकटा माणूस एखादंच बिल चालवून बघतो तेव्हा तर दिसत नाहीच, आणि बिलाच्या दिवशी सगळी गट ऑफिसं एकदम तुटून पडतात तेव्हा हमखास दिसतं. रिस्टार्ट केलं की सगळी कनेक्शन तुटतात, टेम्प टेबलं मरतात, पाटी कोरी होते.

काही पूल कनेक्शनला वयाची मर्यादा ठेवतात. जावाच्या हिकारीसीपी ह्या पूलमध्ये ती डीफॉल्टने ३० मिनिटं आहे, म्हणून काही ठिकाणी चूक आपोआप गेल्यासारखी वाटते आणि शोधणाऱ्याला आणखी चकवते.

हे मुद्दाम घडवून बघायचं असेल तर टेस्ट सर्व्हरवर पूलचा आकडा १ करा आणि दोन वेगवेगळ्या गटांचं बिल पाठोपाठ चालवा. कनेक्शन एकच असल्याने दुसऱ्या बिलात पहिल्याचा कचरा शंभर टक्के दिसणार. आणि ‘डझ नॉट एक्झिस्ट’ घडवायचं असेल तर उलट, पूल मोठा ठेवा, ट्रान्झॅक्शन काढून टाका आणि चार-पाच जणांना एकदम बिल चालवायला सांगा, टेबल एका कनेक्शनवर बनेल आणि इन्सर्ट दुसऱ्याच कनेक्शनवर जाईल. ह्या दोन टेस्ट वेगवेगळ्या करा, कारण पूल १ केल्यावर दुसरा रोग झाकला जातो. लाईव्हवर शोधायचं तर प्रत्येक बिलाच्या सुरवातीला आणि शेवटी पीजी_बॅकएंड_पीआयडी ची व्हॅल्यू, म्हणजे त्या कनेक्शनचा डेटाबेसमधला नंबर, ॲपच्या लॉगमध्ये लिहा. चुकलेल्या बिलाचा पीआयडी घ्या, त्याच पीआयडीवर आधी कोणाचं बिल चाललं होतं ते वर जाऊन बघा, परकी खेप त्याच बिलातली निघणार. एकदा हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले की मीटिंगमध्ये नेटवर्कचं नाव परत कुणी काढत नाही.

मध्ये पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससाठीचा वेगळा कनेक्शन पूल) असेल तर अजून एक पदर. तो सेशन मोडमध्ये असेल तर कनेक्शन परत घेताना डिस्कार्ड ऑल (सेशनचं सगळं साफ करणारी कमांड) चालवतो आणि टेम्प टेबलं उडतात, ठीक आहे. पण बहुतेक जण ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालवतात, तिथे ते रिसेट चालत नाही आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शनला कनेक्शन वेगळं असू शकतं. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये कमिटच्या पलीकडे जगणारं टेम्प टेबल वापरायचंच नाही, ह्याला पळवाट नाही.

मग करायचं काय

ड्युरेशनची ती यादी घ्या. ट्रान्झॅक्शनवाली टेबलं सोपी आहेत. बिलाचं सगळं काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि टेबल बनवताना ऑन कमिट ड्रॉप. कमिट झालं की टेबलच जाणार, रोलबॅक झालं (काम रद्द झालं) तरी जाणार कारण पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणं सुद्धा ट्रान्झॅक्शनचाच भाग आहे. पूलमध्ये कनेक्शन परत जाताना स्वच्छ जातं. इफ नॉट एक्झिस्ट्स काढून टाका, अगदी आठवणीने काढा. टेबल आधीपासून तिथे असेल तर काम थांबलंच पाहिजे, कारण त्याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

टेबलाची व्याख्या प्रत्येक फंक्शनमध्ये परत परत लिहू नका, उद्या एक कॉलम वाढला की सतरा ठिकाणी शोधत बसाल. ‘साचा’ नावाची वेगळी स्कीमा (टेबलांचा कप्पा) करा, त्यात त्या टेबलाचं पक्कं पण कायम रिकामं असं टेबल ठेवा, आणि फंक्शनमध्ये ‘क्रिएट टेम्प टेबल टीएमपी_कपात, लाईक साचा डॉट टीएमपी_कपात इन्क्लुडिंग ऑल, ऑन कमिट ड्रॉप’ एवढंच (लाईकपासून ऑलपर्यंतचा भाग कंसात जातो). ही साचा स्कीमा सर्च पाथमध्ये (नुसतं नाव दिलं की पोस्टग्रेस ज्या कप्प्यांत टेबल शोधतं त्या यादीत) मात्र अजिबात घालायची नाही. घातली आणि एखाद्या फंक्शनमध्ये क्रिएट राहून गेलं तर इन्सर्ट एरर न देता थेट साच्याच्या पक्क्या टेबलात जाईल, आणि मग सगळ्या गटांच्या खेपा सगळ्यांना दिसतील. म्हणजे सुरवातीपेक्षा वाईट.

एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ते फंक्शन दोनदा चालत असेल तर दुसऱ्या वेळी ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’ येणार, मग लोक वर ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स टीएमपी_कपात’ घालतात. इथे जपा. टेम्प टेबल नसेल आणि त्याच नावाचं पक्कं टेबल सर्च पाथमध्ये असेल, तर ती ओळ पक्कं टेबल उडवते. नावाच्या आधी पीजी_टेम्प डॉट लावाच, मग फक्त स्वतःचं तात्पुरतंच जातं.

अजून दोन सापळे ह्याच भागातले. ओरॅकलच्या बिल प्रोग्रॅममध्ये दर ५०० शेतकऱ्यांनंतर कमिट असा प्रकार असतो. पोस्टग्रेस ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, प्रोसिजरमध्ये कमिट करता येतं म्हणून ते तसंच आणलं जातं, आणि पहिल्या कमिटला ऑन कमिट ड्रॉपवालं टेबल लूपच्या मध्येच नाहीसं होतं. मधले कमिट काढा, बिलासारख्या कामाला अर्धवट कमिट तसंही नको. दुसरा सापळा एक्सेप्शन ब्लॉकचा. पीएल पीजीएसक्यूएलमध्ये एक्सेप्शन असलेला ब्लॉक म्हणजे आतलं छोटं ट्रान्झॅक्शन, त्यात एरर पकडला की त्या ब्लॉकमध्ये झालेलं सगळं मागे घेतलं जातं, बनवलेलं टेम्प टेबल सुद्धा. एका शेतकऱ्याचा बँक खाते नंबर चुकीचा निघाला, एरर पकडून लॉग केला, पुढच्या शेतकऱ्याकडे गेलो आणि टेबल गायब. सगळे खाते नंबरच्या मागे लागतात आणि दोष असतो क्रिएट कुठे लिहिलं ह्यात. टेबल नेहमी एक्सेप्शन ब्लॉकच्या बाहेर, लूप सुरू व्हायच्या आधी बनवा.

सेशनवाल्या टेबलांचं वेगळं आहे आणि इथे मी ठाम आहे. पहिल्या स्क्रीनवर खेपा निवडल्या, दुसऱ्या स्क्रीनवर कपाती तपासल्या, तिसऱ्या स्क्रीनवर मंजूर केलं, असं काम असेल तर वेबच्या जमान्यात टेम्प टेबल वापरूच नये, कारण तिन्ही स्क्रीनला वेगवेगळं कनेक्शन मिळू शकतं. साधं पक्कं टेबल करा, त्यात बिल_रन नंबर हा कॉलम घाला, त्यावर इंडेक्स लावा, प्रत्येक क्वेरीत तो नंबर असलाच पाहिजे हा नियम ठेवा आणि मंजुरी झाली की त्या नंबरच्या ओळी डिलीट करा. अर्धवट सोडून गेलेल्यांचा कचरा रात्री एका जॉबने साफ करा. हे टेबल अनलॉग्ड (बदलांचा लॉग न ठेवणारं) ठेवलं तर लिहायला हलकं पडतं, फक्त सर्व्हर क्रॅश झाला तर परत उठताना ते रिकामं होतं आणि स्टँडबाय (राखीव) सर्व्हरवर त्याचा डेटा जात नाही, हे चालणार असेल तरच. काही जण रन नंबरऐवजी पीजी_बॅकएंड_पीआयडी वापरतात. नका वापरू, पूलमध्ये तोच पीआयडी दहा जणांना मिळतो आणि फिरून आपण तिथेच.

एक दिलासा देणारी गोष्ट सांगतो. यादीतल्या बऱ्याच टेबलांची पोस्टग्रेसवर गरजच नसते. जुन्या माणसांनी मोठी क्वेरी सोपी करायला मधली पायरी म्हणून टेबल घेतलेलं असतं, ते काम विथ लिहून एका क्वेरीत होतं. पोस्टग्रेस १२ पासून विथचा भाग एकदाच वापरला असेल तर तो मूळ क्वेरीत मिसळला जातो, आणि मुद्दाम वेगळा ठेवायचा असेल तर मटेरियलाइज्ड लिहायची सोय आहे. जे टेबल गेलं त्याचा त्रासही गेला, त्यामुळे सुरवात इथून करा असं मी सांगेन.

शेकड्याने फंक्शन असतील आणि हात लावायला वेळच नसेल तर पीजीटीटी नावाचं एक्स्टेन्शन आहे, ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर आणणारं ओरा२पीजी हे टूल बनवणाऱ्या जिल दारोल्ड यांचंच. ते ओरॅकलसारखी व्याख्या एकदा साठवतं आणि सेशनमध्ये पहिल्या वापराला खरं टेम्प टेबल बनवून देतं. चांगलं काम आहे. पण ते प्रत्येक सेशनमध्ये लोड व्हावं लागतं, क्लाऊडवर बाहेरचं एक्स्टेन्शन टाकू देतील का ते आधी विचारा, आणि प्रिझर्व रोजवालं टेबल असेल तर पूलमधला उरलेला डेटा हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

एसक्यूएल सर्व्हरवरून येणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. तिथे प्रोसिजरमध्ये बनवलेलं हॅशवालं (नावाआधी # असलेलं) टेबल प्रोसिजर संपली की आपोआप जातं, पोस्टग्रेसमध्ये फंक्शन संपलं तरी राहतं, म्हणून तुम्हालाही ऑन कमिट ड्रॉप. दोन हॅशवालं तिथे सगळ्या सेशनना दिसतं, तसलं पोस्टग्रेसमध्ये नाही, त्याला पक्कं टेबल. मायएसक्यूएलवाल्यांचं टेम्पररी टेबल एकाच क्वेरीत दोनदा घेता येत नाही म्हणून कोडमध्ये त्याच्या डबल कॉपी केलेल्या असतात, त्या इकडे काढून टाकल्या तरी चालतात.

चाललं, पण हळू झालं

हे सगळं नीट केल्यावर पुढची तक्रार येते की बिल बरोबर निघतंय पण वेळ खातंय. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी साफसफाई) दुसऱ्याच्या सेशनचं टेम्प टेबल बघूच शकत नाही, त्यामुळे त्याचं स्टॅटिस्टिक्स कुणी काढत नाही आणि प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अंदाजाने चालतो. हजारो खेपा जुळणार असताना प्लॅनरला वाटलं चार-दोनच जुळतील, की तो नेस्टेड लूप (एकेक ओळ जुळवत जाणं) घेऊन बसतो. भरून झाल्यावर लगेच ‘ॲनलाईज टीएमपी_कपात’ ही एक ओळ टाका. मोठं टेबल असेल तर टेम्प_बफर्स (टेम्प टेबलांसाठीची मेमरी) वाढवा, डीफॉल्ट ८ एमबी आहे, पण त्या सेशनमध्ये पहिलं टेम्प टेबल वापरायच्या आधीच वाढवावं लागतं, नंतर बदलत नाही.

आणि टेबल लूपच्या आत बनवू नका. प्रत्येक शेतकऱ्याला नवीन टेम्प टेबल असा कोड असतो हो. ४० कॉलमचं टेबल बनवलं की पोस्टग्रेसच्या कॅटलॉगमध्ये (स्वतःच्या नोंदवहीत), पीजी_ॲट्रिब्यूट ह्या टेबलात, ४० आणि वर ६ सिस्टिम कॉलमच्या ओळी पडतात, २०,००० शेतकरी असतील तर एका बिलात ९,२०,००० ओळी, आणि टेबलं गेल्यावर त्या सगळ्या मेलेल्या. कॅटलॉग फुगला की बिलाशी संबंध नसलेल्या क्वेरी पण मंदावतात. त्यात हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर प्रत्येक टेबलाचं लॉक कमिटपर्यंत धरून ठेवलं जातं आणि ‘आऊट ऑफ शेअर्ड मेमरी’ येतं, मग लोक सर्व्हरला रॅम घालायला निघतात. एक टेबल, लूपच्या बाहेर, आत त्या शेतकऱ्यापुरत्या ओळी.

आधी निघालेल्या बिलांचं काय

कोड दुरुस्त झाला की सगळे सुटल्यासारखे उठतात, पण मधल्या काळात निघालेली बिलं तशीच आहेत आणि त्यात कुणाच्या तरी कष्टाचे पैसे आहेत. ती शोधणं अवघड नाही. एका खेपेच्या पावतीचं बिल एकदाच होऊ शकतं. बिल तपशिलाच्या टेबलात हंगाम आणि पावती नंबरवर ग्रुप बाय करा, काऊंट एकपेक्षा जास्त असेल त्या सगळ्या ओळी काढा, आणि बिलाचा गट आणि पावतीचा गट जुळत नाही अशा ओळी वेगळ्या काढा. कपातींचं पण तसंच, सोसायटीच्या वसुली यादीतला एक हप्ता दोन बिलांत गेलाय का बघा. ही यादी शेतकी आणि अकौंट दोन्ही विभागांना द्या, कुणाचं किती वळतं करायचं ते त्यांनी ठरवायचं, डेटाबेसमध्ये परस्पर अपडेट मारून मोकळं व्हायचं नाही.

ती यादी निस्तरली की त्याच दोन कॉलमवर, हंगाम आणि पावती नंबर, युनिक इंडेक्स बसवा. डुप्लिकेट शिल्लक असताना बसणार नाही, आणि काम चालू ठेवून कॉन्करंटली बसवायला गेलात आणि मध्ये फेल झाला तर अर्धवट इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, तो आधी ड्रॉप करून मगच परत लावा. एकदा बसला की पुढे कुठलंही टेम्प टेबल गळलं तरी आधीच बिल झालेली पावती दुसऱ्या कुणाच्या बिलात जात नाही, तिथेच एरर येतो आणि बिल थांबतं.